घरातील शिवण आणि हातातली चार कामे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात शिवण व हस्तकला विषयाच्या निवृत्त शिक्षिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे जुने सहकारी, माझ्या विद्यार्थिनींनो आणि विद्यार्थ्यांनो,

विद्यार्थ्यांचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा केला. सातवीपर्यंत बटण लावणे आणि तुरपाई करणे आपल्या शाळेत मुलांनाही सक्तीचे होते, हे येथे बसलेल्या पुष्कळ गृहस्थांना आठवत असेल. काहींना बोटाला टोचलेली सुईही आठवत असेल.

संयोजकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली. हीरक महोत्सवी व्यासपीठावरून काहीतरी भारदस्त बोलावे अशी अपेक्षा असणार, याची मला जाणीव आहे. तरीही मी आज घरातल्या शिवणाविषयीच बोलणार आहे. सत्तावीस वर्षे मी या शाळेत तेच शिकविले आणि निवृत्तीनंतरही मला येणारे फोन त्याच विषयाचे असतात. त्या फोनांतील तक्रार बहुतेक एकाच प्रकारची असते. "बाई, गोधडी अर्धी पडली आहे. मुलाच्या पँटची शिवण उसवली आहे. चार ब्लाऊजना हूक लावावयाचे आहेत. पुतणीच्या बाळासाठी झबले बेतून ठेवले आहे. एकही काम पुरे होत नाही. एका वेळी एकच काम हाती घ्यावयास हवे होते का?"

माझे उत्तर असे की, घरात तसे होत नाही आणि तसे करण्याचा हट्टही धरू नये. वर्गात माझा नियम वेगळा होता. हातातले काम पुरे केल्याखेरीज दुसरे कापड मिळत नसे. चाळीस मिनिटांचा तास, पन्नास मुली, चार पायमशीन आणि वर्षअखेर तपासावयाची वही, अशा ठिकाणी तो नियम योग्यच होता. घराला तास नसतो. घरात कापड फाटते ते आपल्या सोयीने फाटत नाही आणि बाळ जन्माला येते ते गोधडी संपण्याची वाट पाहत नाही.

प्रथम गोधडीचा हिशेब करू, म्हणजे अडचण कोठे आहे ते कळेल. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. ते दोनदा दुमडले की दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असा चौपदरी थर तयार होतो. एका माणसाच्या पांघरुणास तो पुरतो. धावदोऱ्याच्या ओळींत बोटभर, म्हणजे दोन सेंटीमीटर अंतर ठेवले, तर संपूर्ण गोधडीत सुमारे सव्वाशे मीटर शिलाई होते. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटीमीटर धरा. साडेबारा हजार टाके झाले. माझा हात अर्ध्या तासात तीन मीटर चालतो, म्हणजे एकवीस तासांचे काम. रोज अर्धा तास मिळाला तर सहा आठवडे. पण रोज अर्धा तास सलग मिळणारी गृहिणी मी अजून पाहिलेली नाही. नोकरी करणारी तर नाहीच. म्हणून गोधडीला सहा महिने किंवा वर्ष लागते. त्या वर्षात घरातील माणसे कपडे घालणार, ते झिजणार, उसवणार, मुले उंच होणार. गोधडी हाती असताना बाकीची कामे येणारच. जिला वर्षभर गोधडीखेरीज दुसरे काही शिवावे लागले नाही, तिच्या घरी शिवणारी दुसरी कोणी तरी आहे, असे समजावे.

तेव्हा कामे अनेक असणार हे धरून चालू. त्यांची व्यवस्था कशी लावावी एवढाच प्रश्न उरतो. पुष्कळ जणी ती कपड्याच्या मालकानुसार लावतात : हे यांचे, हे मुलाचे, हे सासूबाईंचे. माझ्या मते ती डोळे, उजेड आणि बैठक यांनुसार लावावी. रफूला दिवसाचा उजेड आणि ताजे डोळे लागतात. ते सकाळी अकरा ते तीन या वेळेतच करावे. रात्री दिव्याखाली काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने रफू करण्याचा प्रयत्न करू नये. गोधडीला जमीन आणि दोन्ही हात लागतात, डोळे थोडेच लागतात. चार ओळी नीट बसल्या की पाचवी बोटे आपोआप घालतात. म्हणून संध्याकाळी घरातली माणसे बोलत असताना ती पुढे सरकते. हूक आणि बटणे कोठेही होतात, डाळ शिजेपर्यंतसुद्धा. मशीनचे काम मात्र साठवून करावे. मशीन उघडावयाचे, तेल द्यावयाचे, दोऱ्याचा रंग बदलावयाचा, बॉबिन भरावयाची, यात जो वेळ जातो तो एका शिवणीसाठी गेला तरी तेवढाच आणि दहा शिवणींसाठी गेला तरी तेवढाच. महिन्यातून दोन दुपारी मशीन काढावे आणि पांढऱ्या दोऱ्याची सगळी कामे एका बैठकीत संपवावीत.

प्रत्येक कामाची पिशवी स्वतंत्र असावी. त्या पिशवीत त्याच कामाची सुई, त्याच रंगाचे रीळ आणि पुढे काय करावयाचे याची एक ओळीची चिठ्ठी. "डावी बाही जोडून झाली, काखेत अर्धा इंच सोडला आहे," एवढे पुरे. तीन आठवड्यांनी पिशवी उघडल्यावर आपण काय ठरविले होते ते आठवण्यात जो अर्धा तास जातो, तो या चिठ्ठीने वाचतो. गोधडी ठेवताना ओळ संपवून ठेवू नये, ओळीच्या मध्यावर ठेवावी; पुन्हा बसल्यावर हाताला आरंभ शोधावा लागत नाही. आणि सुई कापडात टोचून ठेवू नये, विशेषतः पावसाळ्यात. दमट हवेत सुई गंजते आणि त्या गंजाचा डाग सुती कापडावरून सहजासहजी जात नाही.

सुयांचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देते. हाताच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की ती जाड होते. हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालीत असे आणि दरवर्षी अर्धा वर्ग चुकत असे.

आता कोणते काम आधी आणि कोणते नंतर. येथे मी फार कडक आहे. उसवलेली शिवण आणि फाटलेले कापड धुण्यापूर्वी हाती घ्यावे. धुताना कापड ओढले जाते, पिळले जाते, आणि बोटाएवढे भोक मुठीएवढे होऊन परत येते. दोन टाके टाचून धुवावयास टाकले तरी चालेल. नीट दुरुस्ती मागाहून. तुटलेले बटण थांबू शकते. खाली सोडावयाची पँट जूनपर्यंत, म्हणजे शाळा उघडेपर्यंत थांबू शकते. गोधडी सगळ्यांत जास्त थांबते आणि तिला थांबविण्यात अपराध काही नाही. आपल्या माळव्यात ती दिवाळीनंतर काढावी, फाल्गुनात गुंडाळावी. पावसाळ्यात जुनी लुगडी धुऊन वाळत नाहीत, आणि वैशाखात चार पदर मांडीवर घेऊन कोण बसणार?

रफूबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण ते आता फार थोड्यांना येते. भोकाच्या कडा कापून गोल करू नयेत. सुटलेले धागे तसेच राहू द्यावेत. दोरा शक्यतो त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून काढावा; तोच रंग, तेवढेच विटलेले सूत बाजारात मिळत नाही. आधी उभे धागे भरावेत, भोकाच्या पलीकडे चांगल्या कापडात बोटभर जाऊन वळावे आणि वळताना बारीकसा फासा सैल सोडावा. दोरा धुतल्यावर आटला तर कापड ओढले जात नाही. मग आडवे धागे, एक वर, एक खाली, चटई विणल्याप्रमाणे. उत्तर प्रदेशातील नजीबाबादचे रफूगर काश्मिरी शालींवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्यांचे रफू डोळ्यांना दिसत नाही. आपले दिसेल. शाळेच्या गणवेशाच्या कोपरावर ते दिसले म्हणून काही बिघडत नाही. आजकालच्या ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कपड्यांना, टी-शर्टला वगैरे, हे रफू चालत नाही. तेथे आतून त्याच जातीच्या कापडाचा तुकडा लावून कडेने बारीक टाके घालावेत.

या सगळ्या कामांचे एकमेकांत देणेघेणे असते आणि तीच मला एका वेळी अनेक कामे हाती ठेवण्याच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. झिजलेली चादर मध्ये फाटते, कडा शाबूत असतात. ती मधोमध उभी कापून बाहेरच्या कडा आत आणून जोडली की आणखी काही वर्षे चालते. तेव्हा मधली जी विरलेली पट्टी निघते, ती गोधडीच्या पोटात जाते. सदऱ्याची कॉलर झिजली की उसवून, उलटून परत लावावी. आणखी काही वर्षांनी सदराच संपला की त्याची पाठ, जी शेवटपर्यंत चांगली राहते, बाळाच्या झबल्याला पुरते. कॉलर-बाहीचे तुकडे ठिगळांच्या पिशवीत जातात आणि बटणे बटणांच्या डब्यात. लुगड्याचे काठ गोधडीच्या चारी बाजूंनी लागतात. एक काम पुरे करून मगच दुसरे घ्यावयाचे ठरविले तर यातील निम्मे कापड वाट पाहण्याच्या काळात जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईच्या गाठोड्यात जाते. स्टीलचा डबा मिळतो हे खरे, पण सुती कापड गेले ते गेलेच.

आणि सुती कापड आता दुर्मिळ झाले आहे. इंदूरच्या गिरण्यांच्या दिवसांत आपल्याकडे धोतर, चादर, मांजरपाट यांची ददात नव्हती. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली. त्या काळात माझ्या वर्गातील ज्या मुलींच्या घरी गिरणीचा पगार येत असे, त्यांच्यापैकी काहींच्या आयांनी घरी शिवण सुरू केले : साड्यांना फॉल लावणे, ब्लाऊज, परकर. मुलींच्या फिया त्यातून भरल्या गेल्या. मुली घरी आईला हूक-आळी करून देत आणि शाळेत माझ्या तासाला झोपत. मी त्यांना उठविले नाही. त्या घरांत एका वेळी चार कामे ही आवडीची बाब नव्हती. गिऱ्हाईकाचे काम शनिवारी द्यावयाचेच, आणि स्वतःच्या मुलाची फाटकी चड्डी रविवारपर्यंत थांबे. त्यांतल्या एका माऊलीचा नियम मला अजून आठवतो. गिऱ्हाईकाचे कापड आणि घरचे कापड एका पिशवीत कधी ठेवावयाचे नाही, आणि गिऱ्हाईकाच्या कापडातून उरलेली चिंधीसुद्धा न विचारता गोधडीत घालावयाची नाही. तिची गोधडी त्यामुळे सात वर्षे चालली, असे तिची मुलगी हसत सांगते.

टेरिकॉट आणि सिंथेटिक साड्यांची गोधडी करावी का, असेही विचारतात. करता येते, रंग सुंदर दिसतात. पण ते कापड घाम टिपत नाही, पदर एकमेकांवरून सरकतात आणि हाताचा टाका सैल पडतो. बसण्याची सतरंजी त्याची करावी, बाळाचे दुपटे करू नये.

आपण ज्याला गोधडी म्हणतो, घाटावर काही ठिकाणी वाकळ म्हणतात, त्याला आपले माळवी शेजारी गुदडी म्हणतात. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, कच्छ आणि पश्चिम राजस्थानात राली, उत्तर कर्नाटकात कौदी. कांथ्याचा दोराही पूर्वी जुन्या साडीच्या काठांतून काढीत. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुले लावतात आणि ती नसतील तर गोधडी उघडी समजतात. आपल्याकडच्या बहुतेक गोधड्यांप्रमाणे त्यांचीही शिलाई कडेकडेने फिरत मध्याकडे जाते. या पद्धतीत मला एक सोय दिसते. कडा आधी बांधल्या गेल्यामुळे काम कितीही वेळा गुंडाळून ठेवले तरी पदर सुटत नाहीत. कोणाला कधी उठावे लागेल याचा भरवसा नसलेल्या बायकांनी ही रीत पाडली असावी, असा माझा तर्क आहे.

अशीच एक गुंडाळलेली गोधडी तीन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी माझ्याकडे घेऊन आली. ती बँकेत नोकरी करते. गोधडी तिच्या सासूबाईंची. त्यांनी कडेने काही फेरे घातले होते आणि एका ओळीच्या मध्यावर सुई टोचून ठेवली होती. त्याच आठवड्यात त्या आजारी पडल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. गाठोडे दोन पावसाळे कपाटात राहिले. सुई गंजली होती आणि तिच्याभोवती चण्याएवढा तपकिरी डाग पडला होता. तिचे प्रश्न तीन होते. ही पुरी करावी की तशीच ठेवावी? पुरी करावयाची तर सासूबाईंसारखा बारीक टाका तिला जमत नाही, मग मी करून देईन का? आणि डागाचे काय करावे?

मी करून देण्यास नकार दिला. माझा टाका बारीक आहे, पण मी त्या घरची नाही. पुरी कर, असे मात्र मी स्पष्ट सांगितले. अर्धी गोधडी कपाटात जपून ठेवली तर कसर लागते, आणि गोधडी पांघरण्यासाठीच केलेली असते. त्यांचा टाका बारीक असेल, तुझा मोठा होईल. तो होऊ दे. त्यांचा दोरा जेथे संपतो त्याच्या शेजारून तुझा सुरू कर, त्यांची एकही ओळ उसवू नकोस. गंजलेली सुई तेवढी काढ. डागाला लिंबू-मीठ चोळून बघता येते, पण मला विचारशील तर राहू दे.

तिला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत तिने मुलाचे दोन गणवेश खाली सोडले, स्वतःच्या कितीतरी साड्यांना फॉल लावले, आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या पिशवीचा बंद दाभणाने दोनदा शिवला. हे सारे तिने मला एका वहीत लिहून दाखविले. शाळेची सवय! गोधडी आता तिचे सासरे पांघरतात. त्यांनी एकदाच विचारले की हिची शिलाई कोठपर्यंत आहे. तिने डागावर बोट ठेवून दाखविले.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख मला केलाच पाहिजे. काहींना तो आवडणार नाही. सत्कारसमारंभांत गृहिणीला अष्टभुजा म्हणण्याची आपल्याकडे फार हौस आहे. सुई धरावयास एक हात लागतो आणि कापड धरावयास दुसरा. तिसरा मी तरी कोणाला पाहिलेला नाही. एका वेळी चार कामे सांभाळण्याच्या युक्त्या मी आज सांगितल्या, पण त्यांतील दोन कामे दुसऱ्या कोणी केली असती तर त्या युक्त्यांची गरज निम्म्याने कमी झाली असती. आपल्या शाळेने मुलांना बटण लावावयास शिकविले त्यामागे हाच विचार होता. 1937 साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान देण्याची कल्पना मांडली. पुढे 1977 च्या ईश्वरभाई पटेल समितीनंतर समाजोपयोगी उत्पादक कार्य हा विषय वेळापत्रकात आला. नावे बदलत गेली. आता तो तासही नाही. संगणकाच्या तासाला जागा हवी होती आणि ती हवीच होती. तक्रार करीत नाही. परंतु ज्या मुलांनी या शाळेत बटण लावले त्यांनी घरी जाऊन सुई बायकोच्या हाती दिली असेल, तर ती आता परत मागून घ्यावी. नेढ्यात दोरा ओवण्यापासून सुरुवात केली तरी चालेल. पन्नाशीनंतर त्याला चश्मा लागतो, ही गोष्ट बायकोलाही लागू आहे.

शेवटी एक निवेदन. शिवणाच्या खोलीतील चारही पायमशीन अजून जागेवर आहेत. गेल्या महिन्यात मी आणि दोन माजी विद्यार्थिनींनी ती उघडून पुसली, तेल दिले. तीन चालतात, चौथ्याचा पट्टा बदलावा लागेल. मुख्याध्यापिका बाईंनी दर शनिवारी दुपारी दोन ते चार ही खोली उघडी ठेवण्यास परवानगी दिली आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे, पुरुषांनीही. येताना नवे कापड आणू नये. घरात जे अर्धे राहिले आहे ते आणावे, मग ते काहीही असो. मशीनच्या 14 आणि 16 नंबरच्या सुया मी आणीन. हाताच्या सुया, कात्री आणि अंगुस्तान ज्याचे त्याने आणावे. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खाली ग्रंथालयाच्या व्हरांड्यात सतरंजी घातलेली असेल. तेथे ऊन चारपर्यंत राहते, म्हणून रफूची मंडळीही तेथेच बसतील.